आधी अधिकारक्षेत्र वाच

प्रिय,

तुझा मेल दोनदा वाचला. पोलीस नाहीत, तुरुंग नाही, मोठे देश ऐकत नाहीत, मग आंतरराष्ट्रीय कायदा हा कसला कायदा आणि त्यात आयुष्य कशाला घालवायचं, असं तू विचारतेस. करिअरचं शेवटी बघू. तुला खरा राग आलाय तो कुलभूषण जाधव प्रकरणाचा, म्हणजे पाकिस्तानी लष्करी न्यायालयाने हेरगिरीच्या आरोपावरून फाशी सुनावलेल्या भारतीय नागरिकाच्या खटल्याचा. "आपण जिंकलो, तरी ते आतच आहेत," असं लिहिलंयस. दोन्ही खरं आहे. पण आपण नेमकं काय जिंकलो, हे तू निकाल उघडून पाहिलेलं दिसत नाही.

१७ जुलै २०१९ रोजी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १५ विरुद्ध १ असा कौल दिला. आपल्या वाहिन्यांवर विजयोत्सव सुरू झाला. त्याच वेळी पाकिस्तानचे पंतप्रधान इम्रान खान यांनीही समाधान व्यक्त केलं, कारण न्यायालयाने सुटकेचा आदेश दिला नव्हता. एकाच निकालावर दोन्हीकडे आनंद! असं दिसलं की बातम्या बंद कर आणि थेट निकालाच्या शेवटच्या, आदेशाच्या भागाकडे जा. तिथे लिहिलंय ते एवढंच: पाकिस्तानने जाधवांना त्यांचे हक्क सांगितले नाहीत, भारताला वेळेवर कळवलं नाही आणि भारतीय वकिलातीला त्यांना भेटू दिलं नाही. हा वकिलातींच्या संबंधांबाबतच्या व्हिएन्ना कराराच्या कलम ३६ चा भंग आहे, म्हणून शिक्षेचा परिणामकारक फेरविचार करा आणि तोवर फाशी थांबवा. भारताने शिक्षा रद्द करण्याची आणि सुटकेचीही मागणी केली होती. ती मिळाली नाही.

का नाही मिळाली, हे समजलं की अर्धा विषय समजला. हेगच्या न्यायालयात कोणीही उठून जाऊ शकत नाही. दोन्ही देशांनी आधी कुठेतरी संमती दिलेली असावी लागते. इथे ती संमती व्हिएन्ना कराराच्या पूरक करारात होती, आणि दोन्ही देश त्याचे पक्षकार होते. पण दार जेवढं उघडं तेवढंच आत जाता येतं. लष्करी न्यायालयातला खटला न्याय्य नव्हता, नागरी आणि राजकीय हक्कांच्या कराराचा भंग झाला, असंही भारताने मांडलं होतं. माझ्या मते मानवी हक्कांच्या दृष्टीने तोच मुख्य प्रश्न. न्यायालय त्यात शिरलंच नाही, कारण त्या करारावर निवाडा करण्याचा अधिकार त्याला या दारातून मिळत नव्हता.

आता थोडं टोचणारं. १० ऑगस्ट १९९९ रोजी भारतीय हवाई दलाने कच्छ सीमेजवळ पाकिस्तानी नौदलाचं 'अटलांटिक' विमान पाडलं, आतले १६ जण गेले. पाकिस्तान हेगला गेला. तेव्हा भारताने सांगितलं, राष्ट्रकुल देशांबरोबरचे वाद आम्ही आमच्या संमतीतून वगळले आहेत, तुम्हाला अधिकारच नाही. २१ जून २००० रोजी न्यायालयाने ते १४ विरुद्ध २ मतांनी मान्य केलं. सतरा वर्षांनी जाधवांसाठी आपणच दुसऱ्या दाराने आत गेलो. याला ढोंग म्हणायचं तर म्हण. परराष्ट्र खात्याचे वकील याला पक्षकाराचं हित म्हणतात. तुला दोन्ही भाषा कळायला हव्यात.

आणि 'ऐकत नाहीत' याबद्दल. ३ मार्च १९९९ रोजी न्यायालयाने अमेरिकेला अंतरिम आदेश दिला, की वॉल्टर लाग्रांड या जर्मन नागरिकाची फाशी थांबवा; त्यालाही वकिलातीच्या मदतीचा हक्क वेळेवर सांगितला नव्हता. (आपल्या वर्तमानपत्री सवयीने फाशी म्हटलं; तिथे तो गॅस चेंबर होता.) अ‍ॅरिझोनाने त्याच दिवशी शिक्षा अमलात आणली. जर्मनीने खटला सोडला नाही. २००१ मध्ये न्यायालयाने पहिल्यांदाच स्पष्ट केलं, की आपले अंतरिम आदेश बंधनकारक असतात. तोवर विद्वानांमध्येही यावर एकमत नव्हतं. १८ मे २०१७ रोजी जाधवांची फाशी रोखणारा अंतरिम आदेश आला, तो याच पायावर उभा होता, आणि पाकिस्तानने तो पाळला. वॉल्टरला जर्मनीच्या विजयाचा काही उपयोग झाला नाही. अमेरिकेने पुढे काय केलं? २००४ मध्ये मेक्सिकोविरुद्धचा अशाच स्वरूपाचा खटला हरल्यावर, २००५ मध्ये ती त्या पूरक करारातूनच बाहेर पडली. म्हणजे तुझा राग अगदीच निराधार नाही.

गाझाबद्दलही तू घाईघाईत चार ओळी लिहिल्यास. तिथेही हेच कर. दक्षिण आफ्रिकेचा इस्रायलविरुद्धचा खटला नरसंहारविरोधी कराराच्या कलम ९ वर उभा आहे (या करारावरचे वाद हेगच्या न्यायालयात नेता येतात, असं ते सांगतं), त्यामुळे इतर युद्धगुन्हे कितीही उघड वाटले तरी त्या खटल्यात त्यांच्यावर निवाडा होऊ शकत नाही. २६ जानेवारी २०२४ च्या आदेशाने नरसंहार झाला असंही म्हटलेलं नाही आणि झाला नाही असंही नाही. नरसंहारापासून संरक्षण मिळण्याचा पॅलेस्टिनींचा हक्क प्रथमदर्शनी ग्राह्य आहे, एवढंच त्या टप्प्यावर ठरलं. आणि भारताने त्या कलम ९ ला स्वतःपुरती अट घालून ठेवली आहे: आमच्या संमतीशिवाय आमच्यावर खटला नाही. हे आपल्या चर्चांमध्ये फारसं कोणी सांगत नाही.

करिअरचं म्हणशील तर परदेशी एलएलएमसाठी (कायद्याच्या पदव्युत्तर पदवीसाठी) कर्ज काढण्याआधी वर्ष-दोन वर्षं इथल्या सत्र न्यायालयात काम कर. आरोपीला वेळेत वकील न मिळाल्याने काय होतं, हे तिथे रोज दिसेल, आणि कलम ३६ कशासाठी लिहिलंय ते वेगळं शिकवावं लागणार नाही. संध्याकाळी फ्रेंचचा क्लास लाव, न्यायालयाची दुसरी अधिकृत भाषा तीच आहे. तोवर 'अटलांटिक'चा निकाल वाच. लहान आहे. विरोधी मत देणाऱ्या दोघांपैकी कोणाचं पटलं, ते कळव.

तुझा,
सर