चिलरचं नंतर बघू म्हणणाऱ्यांसाठी

मायक्रोब्रुअरी, म्हणजे बिअरचा छोटा कारखाना, काढणाऱ्यांची पत्रं येतात ती कोटेशन जोडूनच, आणि बहुतेकांचा घोळ एकाच जागी असतो: चिलर, म्हणजे थंड करणारं यंत्र.

1000 लिटरचं ब्रूहाउस (बिअरचा काढा शिजवायचा संच) घेऊन सुरुवातीला 300 चे बॅच काढले तर? (पुणे)

नको. धान्याचा थर पातळ बसला की वर्ट (धान्याचा गोड काढा, ज्याची पुढे बिअर होते) धड गाळला जात नाही, आणि केटलचं, म्हणजे उकळायच्या भांड्याचं, वरचं जॅकेट (तापवणारं आवरण) उघडं राहून कडेला करपतं. उलटीकडून मोजा. आठवड्याला 600 लिटर खप आणि टाकीत तीन आठवडे मुक्काम, म्हणजे 1800 लिटरची जागा. 500 चं ब्रूहाउस, 500 च्या चार टाक्या. लागर (थंडीत सावकाश मुरणारी बिअर) जास्त विकायची तर टाक्या वाढतील. खपाचा आकडा मात्र शेजारच्या बारवाल्याच्या तोंडचा नको.

टाक्यांचं स्टील 304 की 316 (गंजाला जास्त टिकणारं)?

304 पुरतं. ब्लीच लावू नका. बोअरचं पाणी असेल तर क्लोराइड तपासून घ्या, त्याने स्टील गंजतं.

डेअरीचा जुना बल्क कूलर (दूध थंड ठेवायची टाकी) मिळतोय. त्यात बिअर आंबवू? (कोल्हापूर)

नाही, तो दाबासाठी बनलेला नसतो. पण विकत घ्या. कारण खाली आहे.

सप्लायर प्लांटसोबत 2 टनांचा (एसीचं असतं तेच माप) चिलर ‘फ्री’ देतोय. 500 लिटरला भरपूर आहे म्हणतो. (नागपूर)

फ्री काही नसतं, किंमत केटलमध्ये लावलेली असते. मे महिन्यात नळाचं पाणी 32 अंश धरा. त्याने उकळता वर्ट फार तर 36 पर्यंत उतरेल. एल या प्रकारच्या बिअरच्या यीस्टला 20 च्या आसपास हवं. उरलेले 16 अंश, 500 लिटर, पाऊण तास: साडेतीन टन झाले! शिवाय पाटीवरचे 2 टन कोणत्या तापमानाला मोजलेत ते विचारलंत? ग्लायकॉल (चिलर थंड करतो तो न गोठणारा द्रव) उणे 4 वर आणि गच्चीवर 45 अंश असताना ते बरेच कमी भरतात. मग काम रेंगाळतं, केटलमध्ये तापत राहिलेल्या वर्टला उकडलेल्या मक्याचा वास येतो आणि दोष माल्टवर जातो.

मोठाच चिलर हवा असंही नाही. 600 लिटर पाणी रात्रीच्या 12 तासांत 32 वरून 4 वर आणायला जेमतेम अर्धा टन लागतो. ते साठवून सकाळी वर्ट थंड करायला वापरा. कोल्हापूरचा बल्क कूलर इथे कामाला येतो. टाक्यांच्या थंडाव्याचा भार वेगळा मोजायचा, म्हणून माझ्या आकड्यांवर ऑर्डर देऊ नका. सप्लायरशी संबंध नसलेल्या रेफ्रिजरेशन सल्लागाराकडून लेखी हिशेब घ्या, ॲडव्हान्स त्यानंतर.

परवाना येईपर्यंत घरी 20 लिटर करून बघू?

परवान्याशिवाय नाही. 1949 चा महाराष्ट्र दारूबंदी कायदा घरालाही लागू आहे. पुढचं राज्य उत्पादन शुल्क कार्यालयात विचारा, व्हॉट्सॲप ग्रुपवर नव्हे.