बागेतली प्रश्नोत्तरे: पानांशिवाय उगवलेली फुले

प्रश्न: मावशी, गेल्या वर्षी इथे अमेरिकेत इंडियानापोलिसजवळ जुनं घर घेतलं. या ऑगस्टमध्ये लॉनच्या कडेला अचानक नुसते दांडे वर आले आणि चार दिवसांत गुलाबी फुलं! पान एकही नाही. पानं कशाने गेली? घरात लहान मूल आहे, विषारी नाही ना? सासूबाईंना फुलं गणपतीला वाहायची आहेत आणि दोन कंद पुण्याला न्यायचेत.

उत्तर: पानं कुठे गेली नाहीत, ती येऊन गेली. ही सरप्राइज लिली. मार्चमध्ये तिथे डॅफोडिलसारखी लांब, जरा रुंद पात दिसली असेल. जूनपर्यंत ती पिवळी पडून वाळते आणि आपण जागाच विसरतो. कंदाची वर्षाची कमाई त्या पातीवर होते. लॉन कापणाऱ्या पोराला एप्रिल-मेमध्ये बजावून सांगा, आपणहून वाळेपर्यंत ती कापायची नाही. पुढच्या वर्षी फुलं आली नाहीत, तर आधी त्याला विचारा आणि मग खताकडे बघा. आपल्याकडचा रानातला कोळकांदाही असाच भर उन्हाळ्यात नुसत्या दांड्यावर फुलतो आणि पान पावसाळ्यात काढतो. फक्त हिचा क्रम उलटा, आधी पान, मग फूल.

हिला बी धरत नाही. गुणसूत्रांचे दोनाऐवजी तीन संच आहेत, त्यामुळे बीजाचं गणित जमतच नाही. म्हणजे तुमच्या दारातला कंद कोणीतरी हाताने लावलेला आहे. 1860च्या दशकात डॉ. जॉर्ज हॉल यांनी पूर्व आशियातून ही लिली ऱ्होड आयलंडमधल्या ब्रिस्टलला आणली. पुढे कंद फोडून शेजारणी-शेजारणींनी एकमेकींना दिले, तशी ती पसरली. इकडे मिडवेस्टात, म्हणजे अमेरिकेच्या मधल्या-उत्तरेकडच्या राज्यांत, घर पडून गेलेल्या जागीही ऑगस्टमध्ये दांड्यांची ओळ उभी राहते, त्यावरून अंगण कुठे होतं ते कळतं. तुमच्या आधीच्या मालकिणीला मनातल्या मनात धन्यवाद द्या.

विषारी आहे, हो. कंदात लायकोरीन नावाचं विषारी द्रव्य असतं, पोटात गेलं की उलट्या होतात. उकरलेला कंद हुबेहूब कांद्यासारखा दिसतो, म्हणून स्वयंपाकघरात, टोपलीत, कुठेही आणून ठेवू नका. बाकी फुलं बघायला, हात लावायला हरकत नाही. नंतर हात धुवावेत. हरणं तोंड लावत नाहीत, हा आमच्यासारख्यांना फायदाच.

गणपतीचं म्हणाल, तर बहुतेक वर्षी तोवर बहर ओसरलेला असतो. श्रावणातल्या पूजेला मिळेल. चौरंगाशेजारी फुलदाणीत ठेवा, नैवेद्याच्या ताटाला मात्र लागू देऊ नका. हे माझं मत, शास्त्र नव्हे.

कंद हलवायचे असतील तर जूनमध्ये पात वाळल्यावर. पाच-सहा इंच खोल, तेवढ्याच अंतराने लावा. जागा बदलली की ही रुसते, एखाद-दोन वर्षं फुलत नाही.

पुण्याला मात्र नेऊ नका. भारतात कंद न्यायला आयात परवाना आणि इथलं वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं. एवढं करून नेलाच, तरी त्याला हवी तशी कडक थंडी पुण्यात कुठली? सासूबाईंना तिथल्या नर्सरीतून फुटबॉल लिली घ्यायला सांगा. मे महिन्यात लाल गोंडा येतो, पानं मागाहून, आणि कुंडीत वर्षानुवर्षं टिकते. तिचाही कंद विषारीच, हेही त्यांना सांगा.