सेवा करताना सुवार्ता सांगायची का? वाचकांचे प्रश्न

प्रश्न: ताई, जय ख्रिस्त. आमच्या मंडळीचा तरुण संघ जवळच्या वस्तीत शुगर-बीपी तपासणीचं शिबिर घेतो, गरजूंना चष्मेही देतो. यंदा चर्च कमिटीतले काही वडीलधारे म्हणतायत की नुसतं बीपी मोजून काय उपयोग, तपासणीआधी सगळ्यांना बसवून वचन सांगा, प्रार्थना घ्या, पत्रिका वाटा, नाहीतर आपल्यात आणि बाकीच्या संस्थांत फरक काय. आम्हाला हे पटत नाही पण तसं बोललं की "तुम्हाला प्रभूची लाज वाटते" असं ऐकावं लागतं. काय करावं?
(एक वाचक, नगर जिल्हा)

उत्तर: कमिटीचा मुद्दा अगदीच सोडून देण्यासारखा नाहीये. सुवार्ता, म्हणजे येशूचा शुभसंदेश, सांगायची आज्ञा बायबलमधल्या मत्तयाच्या शेवटच्या अध्यायात आहे आणि ज्या मंडळीला ती सांगावीशीच वाटत नाही तिचं काहीतरी हरवलंय. पण ज्या बाईचा दंड तुमच्या बीपीच्या पट्ट्यात आहे तिला उठून जाता येत नाही, चष्मा मिळायचाय म्हणून ती हो हो म्हणणारच, आणि तशा होकाराला विश्वास म्हणायचं का, हे कमिटीला नक्की विचारा.

आपल्याकडे हा वाद नवा नाही. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत विधवांच्या राहण्या-शिकण्यासाठी शारदा सदन काढलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला नेलं. बाई स्वतः १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेऊन आलेल्या, तरी सदनात धर्म शिकवायचा नाही असं ठरलेलं, त्या भरवशावरच लोकांनी आपल्या विधवा मुली तिथे पाठवल्या आणि रानडे-भांडारकरांसारखी माणसं सल्लागार झाली. रमाबाई आपली प्रार्थना दार उघडं ठेवून करायच्या, काही मुली आपणहून येऊन बसायला लागल्या, त्यावरून केसरीने रान उठवलं, १८९३ मध्ये सल्लागारांनी राजीनामे दिले आणि बऱ्याच पालकांनी मुली काढून नेल्या. मला स्वतःला वाटतं की रमाबाईंनी कुणावर जबरदस्ती केली नाही, स्वतःची प्रार्थना लपवायला त्यांना सांगणंही बरोबर नव्हतं, पण पालकांना जे सांगितलं होतं आणि त्यांना जे दिसलं त्यात फट पडली, आणि त्या फटीतून भरवसा गेला. नंतर केडगावला मुक्ती सदन उभं राहिलं ते उघडपणे ख्रिस्ती म्हणून, दुष्काळातल्या कितीतरी मुली तिथे जगल्या, आणि तिथे काय आहे हे येणाऱ्याला आधीच माहीत होतं. मला हा उघडेपणा फार महत्त्वाचा वाटतो.

म्हणून तुमच्या बॅनरवर मंडळीचं नाव मोठ्या अक्षरात टाका. कुणी विचारलं की बाबांनो तुम्ही हे का करता, तर येशूचं नाव घेऊन सरळ सांगा, तिथे गुळमुळीत बोलू नका. लाज वाटण्याचा आरोप तिथेच संपेल. मिरजेला डॉ. वानलेस यांनी १८९४ मध्ये दवाखाना उभा केला, ते मिशनरी आहेत हे सगळ्या गावाला माहीत होतं, आणि आज मिरज डॉक्टरांचं गाव म्हणून ओळखलं जातं त्याची सुरुवात तिथली आहे. हे फळ कमिटीच्या हिशेबात बसणार नाही कदाचित, पण मी तरी त्याला कमी म्हणणार नाही.

कमिटीला आणखी एक दाखवा. व्हॅटिकन, जागतिक चर्च परिषद आणि इव्हँजेलिकल मंडळ्यांची जागतिक संघटना, ज्यांचं एरवी कितीतरी गोष्टींवर जमत नाही, त्यांनी २०११ मध्ये मिळून एक निवेदन काढलं, त्यात साक्ष देणं हे ख्रिस्ती माणसाचं काम आहे असंही आहे आणि गरिबीचा, आजारपणाचा फायदा घ्यायचा नाही, आमिष दाखवायचं नाही असंही आहे. लूकच्या सतराव्या अध्यायात दहा कुष्ठरोगी बरे होतात, आभार मानायला परत येतो एकच, म्हणून प्रभू बाकी नऊ जणांचा रोग परत लावत नाही.

मग सुवार्ता कुठे? नाताळच्या भजनाला वस्तीला आमंत्रण द्या, ज्याला यायचं तो येईल. कवी ना. वा. टिळकांनी १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडून देवाचा दरबार नावाचा ख्रिस्तभक्तांचा संघ काढला, त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा होती, आणि त्यांची भजनं आपण आजही गातो, ती ऐकायला कुणाला चष्म्याचं आमिष लागत नाही. शिबिरात मात्र रांग फक्त तपासणीची ठेवा. कुणी स्वतःहून प्रार्थना मागितली तर बाजूला बसून जरूर करा, पण त्याचा नाव-नंबर लिहून घेऊन पाठपुरावा करू नका.

प्रश्न: आम्ही ख्रिस्ती नाही. मुलगी जवळच्या चर्चच्या फुकट शिकवणीला जाते, शिकवतात छान. नातेवाईक घाबरवतात. पाठवू का?
(एक आई, पुणे)

उत्तर: नातेवाइकांना विचारण्यापेक्षा वर्ग चालवणाऱ्यांनाच विचारा. प्रार्थना असते का, मुलीने बाहेर थांबलं तर चालतं का, आणि पालकांनी न सांगता कधीही येऊन मागे बसलं तर? चांगले लोक असतील तर तिन्ही उत्तरं चटकन देतील आणि चहाही देतील. उत्तरं टाळायला लागले तर मुलीला काढा, आणि का काढली हे त्यांना तोंडावर सांगा.