कोविडमधली पगारकपात कायमची करणाऱ्या पत्रावर सही करू का?

प्रश्न (चाकण, जुलै २०२२): वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात मी ११ वर्षं सीएनसी ऑपरेटर आहे. एप्रिल २०२० मध्ये एचआरने सगळ्यांचा पगार २० टक्के कमी केला. परिपत्रक व्हॉट्सॲपवर आलं, नंतर एका कागदावर सगळ्यांच्या सह्या घेतल्या. ‘उत्पादन फेब्रुवारी २०२० च्या पातळीवर आल्यावर पगार पूर्ववत करण्यात येईल’ असं त्यात होतं. माझा पगार २७,८०० वरून २२,२४० झाला. यंदा मार्चमध्ये विक्रमी डिस्पॅच झाला म्हणून गेटवर बोर्ड लागला, पेढे वाटले. आठवड्यातून तीन दिवस बारा-बारा तास थांबवतात आणि बदल्यात कॉम्प ऑफ (पैशांऐवजी बदली सुट्टी) देतात. कपातीबद्दल विचारलं तर २० जूनला मेल आला की पगार पूर्ववत होणार नाही. आता ‘नवीन लेबर कोडनुसार’ म्हणून नवं नेमणूकपत्र हातात दिलंय. त्यात पगार २२,२४० आणि पद असिस्टंट सुपरवायझर. सही केली नाही तर बघून घेऊ, असं शिफ्ट इन्चार्ज म्हणतो. आम्ही कायम कामगार ६४, युनियन नाही. मे २०२० मध्ये काढलेल्या नऊ जणांच्या मशिनवर आता ‘नीम’ या सरकारी प्रशिक्षण योजनेतले ट्रेनी आहेत. सही करू का? गेलेले पैसे मिळतील का? पगाराच्या स्लिपा सोबत पाठवतोय.

उत्तर (जुलै २०२२ मध्ये लागू असलेल्या कायद्यांनुसार): सही करू नका. पण ‘मी सही करणार नाही’ असं तोंडी सांगूनही येऊ नका. नकार लेखी द्यायचा आणि त्याची पोच घ्यायची. मसुदा शेवटी दिला आहे.

आधी मालकाची बाजू, कारण कोर्टात ती पहिल्याच तारखेला येणार. २०२० चं संकट खरं होतं. त्या एप्रिलमध्ये मारुतीने देशात एकही गाडी विकली नव्हती. तिथे सुटे भाग कोण घेणार? लॉकडाउनच्या काळात पगार कापू नका असा आदेश केंद्रीय गृह मंत्रालयाने २९ मार्च २०२० ला काढला होता, पण १८ मेपासून तो मागे घेतला गेला. पुढे १२ जूनला सर्वोच्च न्यायालयाने त्या दिवसांच्या पगाराबाबत मालक आणि कामगारांनी आपसात बोलून तडजोड करावी असं सांगितलं. त्या सात-आठ आठवड्यांवर आता शक्ती घालवू नका. तुमचं भांडण त्याच्या नंतरचं आहे.

औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम ९-अ नुसार पगार, भत्ते, कामाचे तास यात कामगाराच्या तोट्याचा बदल करायचा तर मालकाला २१ दिवस आधी विहित नमुन्यात नोटीस द्यावी लागते. नोटीस आधी आणि बदल नंतर, हा क्रम लोकमत वृत्तपत्राच्या नागपुरातल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये पक्का केला. व्हॉट्सॲपवरचं परिपत्रक म्हणजे ही नोटीस नव्हे. ‘पण तुम्ही सह्या केल्या होत्या’ असं एचआर म्हणेल. रीतसर तडजोड झाली असेल तर ९-अ ची नोटीस लागत नाही हे खरं, पण अशी तडजोड ठरलेल्या पद्धतीने लिहून, दोन्ही बाजूंच्या सह्यांनी करावी लागते आणि तिची प्रत सरकारी कामगार यंत्रणेकडे जाते. हजेरीसारख्या रांगेत घेतलेल्या सह्या म्हणजे ती तडजोड नाही. तरी खात्री करून घ्या. पुण्याच्या कामगार आयुक्तालयात दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज टाका आणि तुमच्या कारखान्याची एप्रिल २०२० नंतरची ९-अ ची नोटीस किंवा तडजोड तिथे पोचली आहे का, एवढंच विचारा. ‘नाही’ असं लेखी उत्तर आलं की तो कागद सांभाळून ठेवा.

तुमच्या स्लिपांमध्ये मला एक गोष्ट दिसली, ती तुम्ही पत्रात लिहिलेली नाही. एप्रिल २०२० ते मार्च २०२१ च्या स्लिपांवर बेसिक १५,६०० च आहे आणि वजावटीच्या बाजूला ‘कोविड डिडक्शन ५,५६०’ असा वेगळा रकाना आहे. एप्रिल २०२१ पासून तो रकाना नाहीसा झाला, बेसिक १२,४८० झालं आणि बाकीचे भत्तेही त्याच प्रमाणात उतरले. हातात येणारी रक्कम जवळपास तीच, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नसेल. पहिल्या वर्षी तुमचा पगार २७,८०० च होता आणि त्यातून काही कापलं जात होतं, हे मालकाने स्वतःच्या छापील स्लिपवर मान्य केलंय. दुसऱ्या वर्षी त्यांनी मूळ पगारच खाली आणला, आणि त्यासाठी तर एक ओळीचं परिपत्रकही नाही. या बदलाचा फटका पीएफला बसतो आणि ग्रॅच्युइटीला त्याहून जास्त, कारण ग्रॅच्युइटी शेवटच्या पगारावर मोजतात. १५,६०० धरून ११ वर्षांची ग्रॅच्युइटी ९९,००० होते, १२,४८० धरून ७९,२००. सही केलीत तर आजच १९,८०० गेले, आणि पुढच्या प्रत्येक वर्षाला आणखी १,८००.

लेबर कोडचं कारण खोटं आहे. चारही संहिता संसदेने मंजूर केल्या आहेत, पण आज, जुलै २०२२ मध्ये, त्या लागू नाहीत. १ जुलैपासून लागू होणार अशी आवई उठली होती, तिचा फायदा बऱ्याच एचआरवाल्यांनी घेतला. वेतन संहितेची भीती दाखवतात ती एवढ्यासाठी की, भत्ते एकूण पगाराच्या निम्म्यापेक्षा जास्त ठेवता येणार नाहीत. तुमचं बेसिक जुन्या पगारातही ५६ टक्के होतं, आजही ५६ टक्केच आहे. म्हणजे उद्या संहिता आली तरी तुमच्या पत्रात बदलण्यासारखं काही नाही. एकूण पगार कमी करा असं तर कुठलीच संहिता सांगत नाही.

‘असिस्टंट सुपरवायझर’ हे पद बढती वाटतं, म्हणून तेच जास्त धोक्याचं. देखरेखीचं काम करणारा आणि महिना दहा हजारांवर पगार घेणारा माणूस औद्योगिक विवाद कायद्याच्या दृष्टीने कामगार राहत नाही. ९-अ, कामगार न्यायालय, छाटणीची भरपाई, सगळी दारं त्याला बंद होतात. कोर्ट पदाच्या नावापेक्षा प्रत्यक्ष काम बघतं, हे खरं. दिवसभर मशिन चालवणारा, जॉब लावणारा, गेजने मापं तपासून चेकशीट भरणारा माणूस पाटी बदलल्याने साहेब होत नाही. पण ते सिद्ध करण्यात तुमची दोन वर्षं जातील. ती वेळ स्वतःवर ओढवून घेऊ नका.

आता पैशांचं. एप्रिल २०२० ते जून २०२२ या २७ महिन्यांचे ५,५६० प्रमाणे १,५०,१२० रुपये होतात. सगळे मिळतीलच असं मी म्हणणार नाही. परिपत्रकात पगार पूर्ववत करू असं आहे, कापलेले परत देऊ असं नाही. त्यामुळे एप्रिल २०२२ पासूनचा पूर्ण पगार ही तुमची सगळ्यात भक्कम मागणी. गेटवरचा तो विक्रमी डिस्पॅचचा बोर्ड तुमचा उत्तम पुरावा आहे, कुणाच्या तरी मोबाइलमध्ये पेढ्यांसकट फोटो असेलच. त्याआधीच्या दोन वर्षांचे १,३३,४४० ९-अ च्या मुद्द्यावर मागायचे. तिथे मालकाचा वकील म्हणणार की दोन वर्षं गप्प बसलात म्हणजे संमती दिलीत. त्याला उत्तर असं की, वचनच ‘उत्पादन आल्यावर’ असं होतं, म्हणून आम्ही उत्पादन येईपर्यंत थांबलो. तडजोडीच्या बोलण्यात या रकमेतलं काही सोडायची वेळ आली तर मी ते सोडीन. बेसिक मात्र सोडणार नाही.

दाद कुठे मागायची? बरेच जण वेतन प्रदान कायद्याचं नाव सांगतील. तिथे जाऊ नका. तो कायदा महिना २४,००० पर्यंतच्या पगाराला लागतो. तुमचा खरा पगार धरला तर तुम्ही बाहेर, कापलेला धरला तर आत. अर्धा खटला यावरच संपेल. शिवाय तिथे मुदत १२ महिन्यांची. त्यापेक्षा १९७१ चा आपला महाराष्ट्राचा अनुचित कामगार प्रथांचा कायदा बरा, ज्याला कोर्टात सगळे एमआरटीयू-पल्प म्हणतात. त्याच्या चौथ्या अनुसूचीतली नववी बाब म्हणजे करार, तडजोड किंवा निवाडा न पाळणं. तुमचं जुनं नेमणूकपत्र आणि ते परिपत्रक या आधारावर औद्योगिक न्यायालयात एकटा कामगारही तक्रार करू शकतो. मुदत ९० दिवस. २० जूनच्या नकारापासून मोजले तर ती १८ सप्टेंबरला संपते. उशीर माफ होऊ शकतो, पण माफीवर विसंबू नका. ऑगस्टमध्येच दाखल करा. त्याच तक्रारीत, निकाल लागेपर्यंत नव्या पत्राच्या अटी लादू नयेत आणि नोकरीवर गदा आणू नये, असा अंतरिम अर्जही जोडा.

ओव्हरटाइमबद्दल मात्र मला तुमच्यावर थोडं रागवायचंय. पाच हजार पाचशे साठसाठी तुम्ही दोन पानं लिहिलीत आणि त्याच्या दुपटीहून मोठा विषय एका वाक्यात उरकलात. कारखाना कायद्याच्या कलम ५९ नुसार दिवसाला नऊ किंवा आठवड्याला ४८ तासांवरच्या कामाला दुप्पट दराने पैसे द्यावे लागतात. कॉम्प ऑफ हा त्याला पर्याय नाही. २७,८०० ला २६ दिवस आणि ८ तासांनी भागलं की ताशी साधारण १३३ रुपये, दुप्पट २६७. आठवड्याला जादा १२ तासांचे ३,२०० च्या आसपास, म्हणजे महिन्याला तेराएक हजार. गुजरात सरकारने २०२० मध्ये बारा तासांची पाळी आणि जादा तासांना साधाच दर अशी सूट दिली होती, ती सर्वोच्च न्यायालयाने १ ऑक्टोबर २०२० ला रद्द केली. महामारीचं कारणही चाललं नाही. आता तर महामारीही ओसरली आहे.

या पैशांसाठी कामगार न्यायालयात औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम ३३-क(२) चा अर्ज करता येतो. दुप्पट दराचा हक्क कायद्यानेच दिलेला असल्यामुळे तिथे फक्त तास सिद्ध करून हिशेब मांडायचा. त्या अर्जाला मुदतीचं बंधन नाही, हे बॉम्बे गॅस कंपनीच्या जुन्या खटल्यात १९६३ मध्येच ठरलंय. पुरावा म्हणून पंचिंगचं रेकॉर्ड मालकाकडून मागवता येतं, पण त्याच्याआधी ‘गुरुवारच्या चार तासांचा कॉम्प ऑफ शनिवारी घ्या’ असे इन्चार्जचे जेवढे मेसेज असतील ते सगळे जपा. अशा प्रत्येक मेसेजमध्ये तुम्ही जादा तास काम केल्याची कबुली आहे. फोन बदललात तर बॅकअप आधी घ्या. शॉपच्या आत ड्रॉइंगचे, जॉबचे फोटो मात्र काढू नका. शिस्तभंगाचं आयतं निमित्त मिळेल.

‘बघून घेऊ’ ची भीती एकट्या माणसाला जास्त असते. पगाराचा औद्योगिक विवाद एकट्याने उभा करता येत नाही, बऱ्यापैकी संख्येने कामगार मागे लागतात. ६४ पैकी तीसेक जणांनी सही करून, चार-पाच प्रतिनिधी नेमून मागणीपत्र दिलं आणि प्रकरण समेट अधिकाऱ्याकडे दाखल झालं की त्याच कायद्याचं कलम ३३ लागू होतं. मग ते प्रकरण चालू असेपर्यंत त्या विवादाशी संबंधित सेवाशर्ती मालकाला बदलता येत नाहीत आणि संबंधित कामगाराला सहजासहजी काढताही येत नाही. म्हणून नव्या पत्रावर बाकी कितींनी सह्या केल्यात ते आधी शोधा. ज्यांनी केल्यात त्यांना वाळीत टाकू नका, त्यांचीही केस आहे.

त्या नऊ जणांना माझा निरोप द्या. त्यांना राजीनामे लिहायला न लावता कमी केलं असेल तर ती छाटणी. एक महिन्याची नोटीस किंवा पगार आणि वर्षाला १५ दिवसांचा पगार मिळाला का ते बघायचं. आणि त्याच कायद्याच्या कलम २५-ह नुसार मालक पुन्हा भरती करतो तेव्हा छाटलेल्यांना आधी विचारावं लागतं. ट्रेनी म्हणजे भरती नव्हे असा बचाव येईल, पण ट्रेनी स्वतंत्रपणे उत्पादनाचं मशिन चालवत असेल तर तो बचाव कितपत टिकेल याबद्दल मला शंका आहे. त्यांनी कागद घेऊन वेगळं भेटावं, तुमच्या प्रकरणात ते मिसळू नका.

आता तुमचं उत्तर. एवढंच लिहा: ‘दिनांक अमुकचे नवीन नेमणूकपत्र मिळाले. मी माझ्या मूळ नेमणूकपत्राच्या अटींवर काम करत आहे व करत राहीन. नवीन पत्रातील पगार व पद मला मान्य नाही. एप्रिल २०२० च्या परिपत्रकातील अट पूर्ण झाली असल्याने माझा पगार पूर्ववत करावा. कपात केलेली रक्कम व जादा कामाचे दुप्पट दराने होणारे पैसे यांवरील माझा हक्क मी राखून ठेवत आहे.’ खाली नाव, टोकन नंबर, तारीख. दोन प्रती काढा, एकीवर एचआरचा शिक्का घ्या. शिक्का देत नाहीत म्हणाले तर वाद घालू नका; त्याच दिवशी चाकणच्या पोस्टातून आरपीएडी (पोचपावतीसह रजिस्टर्ड पोस्ट) करा आणि एक प्रत २० जूनच्या मेलला उत्तर म्हणून पाठवा. दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळेला पंच करून मशिनवर जा.