जुन्या ट्रकची वाढीव वॉरंटी घ्यावी का?

भाऊ, आधी गाडी बीएस-४ की बीएस-६ (धुराच्या प्रदूषणाचे सरकारी निकष, बीएस-६ नवा), ते आरसीवर पाहा. बीएस-४ असेल तर त्या भानगडीत पडू नका. तेवढे पैसे क्लचप्लेट, ब्रेक लायनर, टायरसाठी ठेवा. हे झिजेचे भाग, वॉरंटीत सहसा धरतच नाहीत.

बीएस-६ मध्ये मात्र इंजेक्टर, नॉक्स सेन्सर (धुरातले नायट्रोजन ऑक्साइड मोजणारा), धूर साफ करायला लागणाऱ्या युरियाचा पंप खिसा कापतात. कागदावर ही नावं स्पष्ट लिहिली असतील तरच घ्या. नुसतं 'इंजिन-गिअरबॉक्स' लिहिलं असेल तर सेन्सर बहुधा सुटतात. पहिल्या मालकाची सर्व्हिस बिलं मागा. एक सर्व्हिस चुकली तरी क्लेम नाकारायला निमित्त मिळतं. ओव्हरलोडचंही तसंच, म्हणून कापसाच्या गाठी भरल्या की काटापावती जपा.

आणि वणीजवळ बंद पडलेली गाडी नागपूरच्या वर्कशॉपपर्यंत ओढायचा खर्च कोणाचा, ते सहीआधी लेखी घ्या.