जुन्या नाण्यावर चेहऱ्याचा उलटा ठसा आहे आणि काठाचा तुकडा उडालाय. ही टाकसाळीतली चूक की नंतर झालेलं नुकसान?

उलटा ठसा म्हणालात म्हणून लिहायला बसलो, नाहीतर असल्या प्रश्नांना मी हल्ली हात लावत नाही.

आमच्या दाजींकडे असंच एक नाणं होतं. एका बाजूला नेहमीचा चेहरा, दुसऱ्या बाजूला तोच चेहरा उलटा आणि आत दबलेला. दाजी ते 'ब्रॉकेज' म्हणून मिरवायचे. म्हणजे आधीचं नाणं साच्यालाच चिकटून राहिलं आणि पुढच्या कोऱ्या चकतीवर त्याचा ठसा बसला. असं होतं, खोटं नाही. पण या नाण्याचं तसं झालं नव्हतं.

मी भिंग लावलं. उलट्या चेहऱ्याच्या नाकाखाली त्या बाजूची मूळ अक्षरं होती, चेपलेली, पण वाचता येत होती. खऱ्या ब्रॉकेजमध्ये ती येतील कुठून? चिकटलेल्या नाण्याने तिकडचा साचा झाकलेला असतो! कोणीतरी दोन तयार नाणी एकमेकांवर ठेवून व्हाइसमध्ये, म्हणजे वस्तू घट्ट धरायच्या शिकंज्यात, आवळली होती. सरळ चेहऱ्याचा गालही सपाट झाला होता, व्हाइसचा जबडा तिथेच टेकला असणार. दाजी काटा घेऊन आले. "वजन बघ, मिलिग्रॅमचाही फरक नाही!" अहो, व्हाइस काय धातू खातो? नुसता इकडचा तिकडे सरकवतो. ताई मध्ये पडली म्हणून तो दिवस निभावला. अजून भेटले की "या, परीक्षक" म्हणतात.

तेव्हा तुम्ही आधी दबलेल्या ठशाखाली मूळ नक्षी शोधा. सापडली तर विषय संपला.

उडालेल्या तुकड्याचं म्हणाल, तर त्याच्या बरोब्बर समोरची कड बघा. छापण्याआधी चकतीची कड दाबून उठवतात. एका बाजूला धातूच नसेल तर समोर दाब बसत नाही आणि तिथली कड पुसट राहते. कानशीने कापलेल्या नाण्याची समोरची कड ठणठणीत असते. रेघांचंही तसंच. साचा तडकला तर धातू त्या भेगेत शिरतो आणि नाण्यावर रेघ वर उठते. आत गेलेली रेघ म्हणजे बहुतेक वेळा ओरखडा.

बहुतेक म्हटलं, कारण चकतीच्या धातूतच खोट असेल तर पापुद्रा सुटून खड्डा पडतो, आणि ती चूक टाकसाळीचीच. वजनही अगदीच निरुपयोगी नाही. अमेरिकेचा १९४३चा सेंट पोलादाचा, २.७ ग्रॅमचा. त्याच वर्षी तांब्याच्या उरलेल्या चकत्यांवर चुकून छापले गेलेले मोजके सेंट ३.१ ग्रॅमचे भरतात. तिथे दाजींनी खुशाल काटा आणावा.