आधी अंदाज लिही, मग क्वेरी चालव

प्रिय मित्रा,

तुझ्या मेलमधली कोर्सेसची यादी वाचली. डॉकर, कुबरनेटिस, रस्ट, सिस्टिम डिझाइन. सगळे सेलमध्ये घेतलेले आणि एकही निम्म्याच्या पुढे न सरकलेला. वर विचारतोस, ‘आता पुढे काय शिकू?’ नवीन काही घेऊ नकोस. कस्टमर शोधायचं तुमचं ते पान उघडायला फार वेळ लागतो म्हणालास ना, तिथूनच सुरुवात कर.

डेटाबेस पोस्टग्रेस आहे, म्हणजे सोपं झालं. त्या पानामागची क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न, शोध आणि तिच्यापुढे एक्स्प्लेन अ‍ॅनालाइज (क्वेरी कशी चालली तो प्लॅन दाखवणारी आज्ञा) लावून टेस्ट सर्व्हरवर चालव. पण एंटर दाबायच्या आधी वहीत लिही: इंडेक्स (पुस्तकामागच्या सूचीसारखी यादी) वापरला जाईल की अख्खं टेबल वाचलं जाईल? किती रो (ओळी) येतील? मग प्लॅन बघ. समज, ईमेलच्या कॉलमवर इंडेक्स आहे म्हणून तू निर्धास्त आहेस आणि प्लॅनमध्ये दिसतो सीक्वेन्शियल स्कॅन, म्हणजे अख्खं टेबल वाचणं. बारकाईने बघितलंस तर वेअरमध्ये, म्हणजे क्वेरीच्या अटीत, कुणीतरी ईमेलला लोअर (अक्षरं स्मॉल करणारं) फंक्शन लावलेलं सापडेल. इंडेक्स मूळ ईमेलचा आणि शोध लोअर केलेल्या ईमेलचा, मग तो कामाला येणार कसा? त्या एक्स्प्रेशनवरच वेगळा इंडेक्स करावा लागतो. आणि टेबल अगदी छोटं असेल, तर चांगला इंडेक्स असूनही पोस्टग्रेस सगळं टेबल वाचून काढतं, कारण तेच स्वस्त पडतं. अंदाज चुकला की असलं काहीतरी हाती लागतं आणि ते डोक्यात पक्कं बसतं. व्हिडिओ बघताना आपला अंदाज कधी चुकत नाही, कारण आपण तो केलेलाच नसतो.

(एक सांगून ठेवतो: एक्स्प्लेन अ‍ॅनालाइज क्वेरी खरोखर चालवतं. अपडेट किंवा डिलीटवर लावायचं असेल तर बिगिन आणि रोलबॅकच्या मध्ये लाव, म्हणजे झालेले बदल मागे घेतले जातील.)

आधी अंदाज लिहिणं फक्त ज्युनिअरांसाठी आहे असं समजू नकोस. जोशुआ ब्लॉक यांनी २००६ मध्ये स्वतःच जाहीर केलं, की त्यांनी जावाच्या लायब्ररीसाठी लिहिलेल्या बायनरी सर्चमध्ये (क्रमाने लावलेली यादी दर वेळी निम्मी करत शोधायची पद्धत) बग आहे. मधली जागा काढायला लो आणि हाय (शोधाच्या दोन टोकांच्या जागा) यांची बेरीज भागिले दोन, एवढीच ती ओळ. बेरीज २,१४,७४,८३,६४७ च्या वर गेली की इंट (जावातला पूर्णांक) ऋण होतो आणि प्रोग्रॅम कोसळतो. तेवढे मोठे अ‍ॅरे (याद्या) वापरात येईपर्यंत बग वर्षानुवर्षं निवांत बसून होता. तू एकदा कोरी फाइल उघडून बायनरी सर्च लिही आणि कोणत्या इनपुटला तो मोडेल ते चालवण्याआधी लिहून काढ.

एआय असिस्टंटबद्दल विचारलंयस. खुशाल वापर. पण त्याने दिलेल्या कोडलाही हाच नियम: आधी अंदाज लिही, मग चालव.

रोज दोन तास अभ्यासाचा संकल्प मात्र करूच नकोस, म्हणजे तो मोडायची वेळ येणार नाही. हिंजवडीचं ट्रॅफिक पार करून घरी पोचल्यावर कुणाच्याने होतंय ते! आठवड्याला ऑफिसच्या कामातलाच एक प्रश्न पुरे.

येत्या शनिवारी त्या क्वेरीचा प्लॅन मला पाठव, सोबत वहीतल्या पानाचा फोटो. अंदाज खोडून नंतर दुरुस्त केलेला नको. आणि पाठवण्याआधी टेबलांची खरी नावं आणि कस्टमरचे ईमेल काढून टाक.

तुझा,
दादा